अक्सकालच्या कपाळावरची लाल पट्टी

१

गुरुवारी सकाळी तासकुदुकच्या उत्तर वस्तीतले सगळे रेडिएटर थंडगार सापडले. बाहेर पारा उणे तीसच्या खाली होता. लोकांनी घरात होते नव्हते ते सगळे कोट अंगावर चढवले, ओव्हनची दारं उघडी टाकून त्यापुढे बसले आणि आमच्या कंपनीला फोन लावले. शहराला ऊब पुरवणं हाच आमचा धंदा, त्यामुळे राँग नंबर म्हणायची सोय नव्हती. फोन करणाऱ्यांत संचालकांच्या सासूबाई होत्या. तेव्हापासून हा बिघाड राहिला नाही, गुन्हा झाला.

मयताचं नाव अक्सकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचा म्हातारा. हा माणूस नव्हे, प्रोग्रॅम. कुठल्या वस्तीला किती गरम पाणी सोडायचं ते तो ठरवायचा. आमच्यापैकी निम्म्या लोकांची लग्नं झाली तेव्हा तो चालत होता, त्यांतली काही मोडली तेव्हाही चालतच होता. बुधवारी आमच्याच एका इंजिनिअरने त्याला बंद केलं. नुरगिसाने.

मी सान्झार, अंतर्गत चौकशी विभाग. विभागात मी एकटाच असल्यामुळे आमच्यात एकी आहे. आजवरचं माझं सर्वांत मोठं प्रकरण तिसऱ्या मजल्यावरून गेलेल्या चहाच्या किटलीचं. ती अजून मिळालेली नाही.

संचालक तोलेगेन, म्हणजे आदराने तोके, यांनी मला बोलावलं तेव्हा ते घरातली टोपी घालून ऑफिसात बसले होते.

"नुरगिसा म्हणतो, नकाशाने सांगितलं म्हणून बंद केलं," ते म्हणाले. "नकाशा म्हणतो, मी असं काही सांगितलंच नाही. संध्याकाळच्या बैठकीला पोलिसांचा माणूस येतोय. तोवर तू काही शोधलं नाहीस, तर तो पोराला घेऊन जाईल. भर हिवाळ्यात शहराची ऊब तोडली की काय होतं, माहीत आहे ना?"

"तुरुंग."

"आणि माझ्या सासूबाई माझ्याकडे राहायला आल्यात."

यातली मोठी शिक्षा कोणती, ते मी विचारलं नाही.

२

हा नकाशा म्हणजे आमच्या हॉलमधला भिंतभर पडदा. कंपनीतला प्रत्येक प्रोग्रॅम त्यावर एक चौकट आहे, चौकटींना जोडणारे बाण आहेत, आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात एक बारीक रंगीत पट्टी आहे. हिरवी म्हणजे चालू. राखाडी म्हणजे थकलेला. लाल म्हणजे संपला, पुरून टाका. कागद फार साचतात म्हणून तोकेंनी फर्मान काढलं होतं की यापुढे नकाशा हाच हुकूम. दर बुधवारी इंजिनिअर नकाशापुढे उभा राहतो आणि लाल पट्टीचे प्रोग्रॅम पुरतो. नकाशावर आमची इतकी श्रद्धा आहे की एकदा त्यात कॅन्टीन दाखवायचं राहून गेलं, तर दोघंजण डबा आणायला लागले.

नुरगिसाला सुटे भाग ठेवायच्या खोलीत बसवलं होतं. शेजारी जुने रेडिएटर उभे होते. साक्षीला आणल्यासारखे.

"लाल होती, सान्झार," तो म्हणाला. "भाकरीची शपथ. लाल-हिरवं मला कळतं. न कळणारा आपल्याकडे एकच आहे, तो म्हणजे नकाशा विभागातले आपले येरेके."

"मग आता ती पट्टी हिरवी कशी?"

"मला ठाऊक असतं तर मी इथे या लोखंडाशी गप्पा मारत बसलो असतो का?"

"कुणाला विचारायचंस तरी. अक्सकाल आहे तो, कॅन्टीनचा मेन्यू नाही."

"विचारलं होतं मागे एकदा. दुसऱ्या एका चौकटीबद्दल. तोके म्हणाले, नकाशा वाचता येत नसेल तर बालवाडीत जा. सगळ्यांसमोर म्हणाले." त्याने बोटं मोडली. "आणि या बुधवारी विचारायला होतं कोण? सगळं ऑफिस कुलाश आपायच्या नातवाच्या पायातली दोरी कापायला गेलं होतं."

आमच्याकडे मूल चालायला लागलं की त्याच्या पायांना दोरी बांधतात आणि ती कापतात, म्हणजे पोर आयुष्यभर अडखळत नाही. सोबत मटणही असतं. म्हणूनच ऑफिस रिकामं होतं. कुलाश आपाय, म्हणजे आमच्या थोरल्या कुलाशताई, येरेकेंच्याच विभागात काम करायच्या.

"तू नाही गेलास?"

"माझी पाळी होती ना नकाशाची." त्याने एका रेडिएटरवरची धूळ पुसली. "बायकोचे दिवस भरत आलेत. तिला सांगितलंय की ओव्हरटाइम आहे. आता मला सांग, किती वर्षांचा ओव्हरटाइम सांगू तिला?"

त्याच्याकडून मी सरळ नकाशाच्या पोटात शिरलो. पट्टीचा रंग कुणी हाताने देत नाही. चौकटीच्या आत तिची अवस्था भरलेली असते आणि पट्टी त्यावरून आपोआप रंगते. अवस्था बदलली की नोंद पडते आणि सगळ्यांना पत्र जातं. अक्सकालची अवस्था पहिल्या दिवसापासून चालू होती. एकही बदल नव्हता, एकही पत्र गेलेलं नव्हतं.

म्हणजे अक्सकालची पट्टी लाल होऊच शकत नव्हती. आणि नुरगिसाने भाकरीची शपथ घेतली होती. आमच्याकडे लोक आईची शपथ खोटी घेतील, भाकरीची नाही.

३

संशयित शोधायचा तर ज्याचा फायदा तो आधी धरावा, असा आमच्या विभागाचा, म्हणजे माझा, नियम आहे. फायदा व्हादिम हेगायचा होता. तो सोमवारी राजधानीतून पाहणीला आला होता आणि त्याच्या बॅगेत अक्सकालच्या जागी बसवायचा नवाकोरा प्रोग्रॅम होता. तो कॅन्टीनमध्ये गाजराचं तिखट सॅलड खात होता.

"अप्रतिम," तो म्हणाला. "माझ्या आजीच्या हातचं असंच असायचं. आणि हा तुमचा स्वेटर, काय रंग आहे."

"तुम्ही सगळ्यांचीच स्तुती करता का?"

"माझं पोट त्यावर चालतं, साहेब. सोमवारी तुमच्या हॉलमध्ये उभं राहून मी पाइपांची केली, पंपांची केली, बिलाच्या प्रोग्रॅमची केली. हो, तुमच्या बिलाच्या प्रोग्रॅमचीसुद्धा. त्या रात्री झोप लागली नाही."

"अक्सकालची?"

त्याचा काटा हवेत थांबला. "नाही."

"का?"

"ज्याचा कारभार आटोपलाय त्याच्याबद्दल मी कशाला बोलू? बरं दिसत नाही ते."

दुकानदाराने शेजारच्या दुकानाबद्दल बोलावं तसं तो बोलला, असं मला वाटलं. मला राग आला.

"नकाशावर काढायचा अधिकार तुम्हाला आहे?"

"सोमवारी जेवणानंतर दिला. टिपा लिहायला. तुमच्याकडे असे तिघंच, मी, तुमचे ते येरेके, आणि कुलाशबाई." तो पुढे झुकला आणि हळूच म्हणाला, "साहेब, मला तो म्हातारा मारायचा होता, हे खरं आहे. पण रीतसर, करार करून, वसंतात. गिऱ्हाइकाचं गाव गोठवून कुणी माल विकतं का? सकाळपासून तुमच्या तोकेंनी माझा फोन घेतलेला नाही."

बोलणं पटण्यासारखं होतं, आणि तीच अडचण होती. लबाड माणसाचं बोलणं नेहमीच पटण्यासारखं असतं. मी उठलो तेव्हा तो म्हणाला, माझी चालही छान आहे.

४

येरकानात, आमचे येरेके, नकाशा विभागाचे प्रमुख. त्यांना लाल आणि हिरवा एकसारखेच दिसतात, दोन्ही चिखलाचे. रंगांवर चालणाऱ्या विभागाला असा प्रमुख का नेमला, असं एकदा कुणीतरी विचारलं होतं. तो आता दक्षिण वस्तीत मीटर वाचतो. त्यांच्यासाठी त्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर वेगळे रंग लावून दिलेत. चालू निळा, थकलेला राखाडी, संपलेला पिवळा.

"अमानतायने लिहिला होता अक्सकाल," ते म्हणाले. "कुलाशचा नवरा. तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बुधवारच्या त्या मटणात मी बसलो होतो आणि इथे हे चाललं होतं. घास आठवला की गिळवत नाही."

"सोमवारी राजधानीचे पाहुणे आले तेव्हा नकाशावर काही वेगळं दिसलं?"

"काही नाही. मी सकाळीच येऊन माझा हा टेबलावरचा पडदा पुसला होता. मागच्या वर्षी याच पाहुण्यांनी आपल्या तुलपारची स्तुती केली, गाड्या पाठवायचा तो प्रोग्रॅम. आणि दुसऱ्याच दिवशी तो असा झोपला की पुन्हा उठलाच नाही. मी म्हटलं, निदान पडदा तरी स्वच्छ असावा." त्यांनी बाहीने टेबल पुसलं. त्यांना पुसायची सवयच आहे. "आता बघ, हा पडदासुद्धा बदलून द्या म्हणून किती वेळा लिहिलं. सोमवारी सकाळी एक डाग होता, निघता निघेना. चहा लावला, थुंकी लावली. दोन-तीन दिवस तसाच. आज सकाळी आपोआप गेला. डागांनाही कळतं, चौकशी लागलीय ते."

मी वही बंद करता करता थांबलो.

"येरेके, डाग कुठे होता?"

"वर. अक्सकालच्या कोपऱ्यात. म्हाताऱ्याच्या दाढीला खरकटं लागावं तसा."

"कुठल्या रंगाचा?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "मला रंग विचारतोस? चिखलाचा."

५

मी वही पुन्हा उघडली.

येरेकेंच्या पडद्यावर खरी लाल पट्टी कधी दिसतच नाही. चौकटीची अवस्था संपली असेल तर त्यांच्याकडे ती पिवळी होते. चिखलासारखी दिसली, याचा अर्थ रंग नकाशाने दिलेला नव्हता. कुणीतरी लाल रंगाची एक पट्टी हाताने काढून, खऱ्या पट्टीच्या वर बरोबर बसवली होती, चित्रावर चित्र चिकटवावं तशी. खाली अवस्था चालूच होती, म्हणून नोंद नाही आणि पत्रही नाही. आणि आज सकाळी ती कुणीतरी उचलून घेतली.

मी येरेकेंना त्यांच्या खुर्चीवरून उठवलं आणि कॅन्टीनच्या चौकटीवर तशीच एक पट्टी काढून पाहिली. भिंतीवर ती लालभडक दिसली. त्यांच्या पडद्यावर खरकटं. मी ती लगेच काढून टाकली, पण तेवढ्यात एकाने डबा मागवला होता.

नुरगिसा खरं बोलत होता. आता प्रश्न होता हाताचा. नकाशावर काढू शकणारे हात तीनच. हेगायला अधिकार मिळाला सोमवारी जेवणानंतर, डाग मात्र सकाळपासून होता. येरेकेंना लाल रंग निवडताच आला नसता, आणि स्वतःच काढलेली पट्टी चहा लावून पुसायला कुणी बसत नाही.

उरला एक हात. पण त्या हाताने आपल्याच नवऱ्याचा प्रोग्रॅम का मारावा, ते काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना.

कुलाश आपाय खिडकीपाशी बसल्या होत्या. पाळणाघरही उत्तर वस्तीतच असल्यामुळे ते बंद होतं आणि त्यांनी नातवाला ऑफिसात आणलं होतं. टेबलाला धरून तो उभा होता, गुबगुबीत, गोरापान, कपाळावर काजळीचा भलामोठा ठिपका.

"किती गोड—" मी म्हणायला गेलो.

"थू, थू, थू," त्या खांद्यावरून थुंकल्यासारखं करून म्हणाल्या. "कसला गोड. कुशिक आहे नुसता, कुत्र्याचं पिल्लू. नाक बघ त्याचं. बस, कारागिम, बस बाळा, चहा घे."

"नाव काय याचं?"

"कागदावर अल्दियार. पण ते मोठ्याने नाही घ्यायचं."

त्यांनी वाटीत घोटभर दुधाचा चहा ओतला. आमच्याकडे पाहुणा हवाहवासा असला की थोडाथोडा ओततात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागतो आणि बसून राहतो. मी वाटी हातात धरली आणि त्या पोराच्या कपाळाकडे पाहत राहिलो. दृष्ट लागू नये म्हणून लावलेली तीट. चांगल्याला वाईट म्हणायचं, म्हणजे वाईट नजर पुढे निघून जाते.

आणि मला हेगायचा थांबलेला काटा आठवला. त्याने पंपांची स्तुती केली, पाइपांची केली, बिलाच्या प्रोग्रॅमचीसुद्धा केली. एकट्या अक्सकालची केली नाही. नकाशावर तो मेलेला दिसत होता. मेलेल्याची कोण स्तुती करणार?

"आपाय," मी म्हणालो, "मागच्या वर्षी याच पाहुण्यांनी तुलपारची स्तुती केली होती, नाही का?"

त्यांचा हात थांबला.

"नुरगिसाची बायको दिवस मोजत बसलीय," मी म्हणालो. "संध्याकाळी पोलीस येतोय."

त्यांनी किटली उचलली आणि माझी वाटी काठोकाठ भरली.

काठोकाठ वाटी म्हणजे चहा पी आणि जा. मी प्यालो आणि गेलो. जाता जाता दिसलं, किटली तिसऱ्या मजल्यावरची होती. मी त्याबद्दलही काही बोललो नाही.

६

बैठकीला हॉल भरला होता. नुरगिसा दाराजवळ, त्याच्या शेजारी पोलिसांचा माणूस, जाडजूड, पेंगुळलेला. मी चिकटवलेल्या पट्टीची गोष्ट सांगितली, डागाची सांगितली, येरेकेंच्या पडद्यावर करूनही दाखवली.

"म्हणजे पट्टी होती," तोके म्हणाले. "आणि कुणीतरी मुद्दाम लावली होती. कुणी?"

माझ्याकडे नाव होतं. पुरावा नव्हता. तीन हातांतून दोन वजा केले की एक उरतो, हे गणित आहे, कबुली नाही. आणि त्या बाईने लहानपणी माझ्याही तोंडात तळलेले बोरसक कोंबले होते. मी नुरगिसाकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"तिघांपैकी—" मी सुरुवात केली.

"बस झालं, पोरा. घाम फुटलाय तुला."

कुलाश आपाय दारात उभ्या होत्या, कडेवर नातू. त्या सरळ नकाशापुढे गेल्या.

"मी लावली. सोमवारी पहाटे पाहुणे यायच्या आत. ते येतात, हॉलमध्ये उभे राहतात, आणि ज्याला छान म्हणतात ते दुसऱ्या दिवशी मरतं. अमानतायचं या जगात एवढंच उरलंय." त्यांनी अक्सकालच्या चौकटीवर बोट ठेवलं. "मी म्हटलं, दोन दिवस मेलेला दिसू दे. खरी अवस्था नाही बदलली, फक्त वरून रंगवलं. पाहुण्यांची पाहणी आटोपली की पुसायचं. मग याची दोरी कापायची होती, मटण शिजवायचं होतं, नातेवाईक आले होते. विसरले."

"आणि आज सकाळी?" मी विचारलं.

"आज सकाळी फोन वाजायला लागले. मी पुसलं, आणि बाहेर आले तर हा पोरगा त्या खोलीत कोंडलेला. तोंड उघडलं नाही. दिवसभर उघडलं नाही." त्या नुरगिसाकडे वळल्या. "नातवाला मी कुत्र्याचं पिल्लू म्हणते. ते ऐकून कुणी त्याच्या गळ्यात साखळी बांधेल, असं मला वाटलं नव्हतं. पण तुझ्या गळ्यात बांधली, ती मी डोळ्यांनी पाहिली आणि गप्प राहिले. हे त्या पट्टीपेक्षा वाईट आहे."

पोलिसाने खिशातून पेन काढलं, नातवाच्या कपाळाकडे पाहिलं आणि पेन परत ठेवलं.

"यात गुन्हा काय लिहू?" तो म्हणाला. "वरच्यांना काय सांगू, शहराला तीट लावली म्हणून? माझ्या धाकट्याला आम्ही घरात फुटकं मडकं म्हणतो."

"पण ऊब तर तुटली," तोके म्हणाले.

"तुटली. मग विचारतो." पोलीस पहिल्यांदाच जागा झाल्यासारखा दिसला. "एका रंगीत पट्टीवरून शहराची ऊब तोडायची, कुणाला विचारायचं नाही, आणि विचारलं तर बालवाडीत जा, हा नियम कुणाचा? मी आल्या आल्या या नुरगिसाने मला सांगितलंय."

तोकेंनी टोपी काढली. मग म्हणाले, "नुरगिसा, घरी जा."

तो गेला नाही. त्याने कोट टांगून ठेवला आणि अक्सकालला उठवायला बसला. आपाय त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि नवऱ्याने कुठे काय लिहिलं होतं ते सांगत राहिल्या. दोघं एकमेकांशी दुसरं काही बोलले नाहीत. अंधार पडला तेव्हा उत्तर वस्तीतून पहिला फोन आला की पाइप खडखडायला लागलेत. तोके पडद्याकडे पाहून म्हणाले, "काय पण आहे हा म्हातारा, एकदम—" आणि सगळ्या हॉलने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी वाक्य गिळलं.

आपायचा नकाशावर काढायचा अधिकार गेला. तो त्यांनी स्वतःच परत केला. आता वसंतापर्यंत त्या उत्तर वस्तीच्या तक्रारींचे फोन घेतात, आणि शिव्या देणाऱ्याला आधी विचारतात, घरात लहान मूल आहे का, पांघरूण पुरतंय का. नुरगिसा महिनाभर त्यांच्या टेबलावरून मान वळवून जायचा. आता थांबतो. चहा त्या त्याला घोटभरच ओततात.

कुठलीही चौकट पुरायची असेल तर आता दोन माणसांना विचारावं लागतं. नकाशाच्या तळाशी रंगांचे अर्थ लिहिलेले असतात, त्यांत येरेकेंनी रीतसर एक ओळ वाढवली आहे. काळा ठिपका: चालू आहे, स्तुती करू नये. ही अवस्था लावली की नोंद पडते, सगळ्यांना पत्र जातं, आणि येरेकेंच्या पडद्यावरही ती काळीच दिसते. आजवर ती एकाच चौकटीला लागली आहे.

नुरगिसाला मुलगा झाला. कागदावर त्याचं नाव फार भारदस्त आहे, मी ते इथे लिहिणार नाही. मी पाहायला गेलो तेव्हा तो कपाळावर काजळी लावून झोपला होता आणि घरातले सगळे त्याला ओव्हरटाइम म्हणत होते. मी वाकून नीट पाहिलं आणि म्हणालो, अगदीच सुमार आहे. नुरगिसाने माझी वाटी घेतली आणि तळाशी थोडासाच चहा ओतला.